फेलिक्सची मूठ

आषाढातली गोष्ट. सकाळची गिऱ्हाइकं गिरणीवर होती, वर बाजरीचा डबा ओतलेला होता आणि मी पिठाच्या धारेखाली हात धरून जाडबारीक बघत होतो. तेवढ्यात सून मागच्या दाराने आली. सून शाळेत शिकवते. त्या वेळी ती वर्गात असायला पाहिजे होती, पण अर्ध्या रस्त्यातून परत आली होती आणि मोबाइल माझ्याकडे धरून काहीतरी बोलत होती. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येईना. मी बटण बंद केलं. गिरणी एकदम थांबत नाही, पट्टा आपल्या ओढीने थोडा वेळ फिरत राहतो. तो पुरता थांबेपर्यंत ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, फेलिक्सभाऊ गेले. त्यांच्या मुलीचा निरोप आलाय." ज्या बाईची बाजरी अर्धी दळायची राहिली होती, तिने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "कोन गया, आबा?" मी म्हणालो, "आमना घरना मानूस." ती मनातल्या मनात आमच्या घरातली माणसं मोजायला लागली, आणि तिला काही उलगडेना.

धुळ्याच्या देवपुरातल्या जुन्या माणसांना फेलिक्स कोण हे सांगावं लागणार नाही. पेपरची ही पुरवणी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. आफ्रिकेच्या बरोबर मधोमध, कुठल्याच बाजूला समुद्र नसलेला एक देश आहे. देशाचं नाव लिहू नका असं त्याच्या मुलीने कळवलंय, अजून तिथे त्यांचं घरदार आहे आणि दिवस बरे नाहीत, म्हणून लिहीत नाही. आडनावही लिहीत नाही, ते तर मला इतक्या वर्षांत एकदाही धड म्हणता आलं नाही. त्या देशात फेलिक्स आमदार-खासदार जे काय म्हणतात ते झाला, शेतीखात्याचा मंत्री झाला, मग कैदी झाला, परागंदा झाला, आणि शेवटी आपल्या गावी परत जाऊन आपल्या खाटेवर गेला. तिकडच्या पेपरात त्याच्यावर पान भरून आलंय, सुनेने वाचून दाखवलं. त्यात आमच्याविषयी एवढंच आहे, की त्याचं शिक्षण भारतात झालं. त्या तीन-चार शब्दांत माझी माडी आहे, गिरणी आहे, अक्का आहे, पांझरा नदी आहे. म्हणून लिहायला बसलो. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण माझ्या माणसाचं दुसऱ्याच्या हाताने लिहून घ्यायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

तो आला तेव्हा मी तरुण होतो आणि तो तर मिसरूड फुटलेला पोरच. शेतकी कॉलेजात कपाशी शिकायला त्याच्या सरकारने पाठवलेला. होस्टेलात काही जमेना, म्हणून खोली शोधत देवपूरभर फिरत होता. कुणी देईना. आमच्या समोर राहणारे नाना, देव त्यांना सुखी ठेवो, ते गिरणीवर येऊन मला म्हणाले, "त्या काळ्याले खोली देऊ नको बरं. गल्लीतल्या बाया भितील." मी तोपर्यंत खोली द्यायचा विचारही केला नव्हता. माडीवर रिकामी पोती होती. पण माझ्या घरात काय करायचं ते समोरच्याने सांगितलेलं मला तेव्हाही चालत नव्हतं. मी त्याच दुपारी पोती खाली उतरवली. आता लोक म्हणतात, आबांचं मन मोठं. मन कसलं मोठं, हट्ट मोठा. मन नंतर झालं.

गल्लीतली पोरं त्याच्या मागे फिरायची, केसांना हात लावून पळायची. पहिले काही दिवस तो खाली मान घालून जायचा. कॉलेजात इंग्रजी, घरी त्याची फ्रेंच आणि गावची बोली. आमच्याकडे मराठीही नाही, अहिराणी. तो मराठीच्या नादी लागलाच नाही, सरळ अहिराणी शिकला, आणि ती अक्काच्या चुलीजवळ बसून. अक्का म्हणजे माझी बायको. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून तोही अक्का म्हणायला लागला, आणि मला आबा. माझ्यात त्याच्यात दहा-पंधरा वर्षांचं अंतर, पण आबा म्हटलं की माणूस आपोआप बापासारखा वागायला लागतो. एक दिवस पोरं मागे लागली तेव्हा तो वळला, खाली बसला, हात पुढे केला आणि म्हणाला, "हात लाव रे, रंग निंघत नही." पोरं आधी घाबरली, मग हसून लोळायला लागली. त्या दिवसापासून तो गल्लीचा झाला. नाना मात्र हसले नाहीत. त्यांना हसायला त्यापुढे वर्ष लागलं, आणि मग तेच त्याला थंडीत भरीत खायला मळ्यात न्यायला लागले.

संध्याकाळी तो गिरणीवर येऊन बसायचा. माझ्या तराजूचा काटा मी पहिल्यापासून गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावलेला आहे. दळण मोजताना मला मान वाकडी करावी लागते, ती मी करतो. त्याने एकदा विचारलं, असं उलटं का? मी म्हणालो, मला माझ्यावर भरोसा आहे, तिला माझ्यावर असायचं कारण नाही, म्हणून काटा तिच्याकडे. त्याच्या गावाकडे कापूस घ्यायला येणारे लोक काटा आपल्याकडे करून बसतात, आणि त्याचा बाप पलीकडे उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघतो, वजन किती झालं ते त्यांच्या तोंडावरून ओळखायचा प्रयत्न करतो... हे त्याने सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला तो लहान पोरगा वाटला.

आता मुठीचं सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई माहीत नसेल. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आम्ही कानबाई बसवतो, नारळाला डोळे-नथ लावून, चौरंगावर. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या करतात. रोटाच्या गव्हाला आमच्या भाऊबंदांत रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची एक मूठ गहू पाटीत पडते. हजर असेल तो स्वतः टाकतो, बाहेरगावी असेल त्याची घरातला मोठा टाकतो. माणूस मेला की त्याची मूठ बंद. ते रोट फक्त घरच्यांनीच खायचे आणि राखी पौर्णिमेच्या आत संपवायचे, तुकडा उरता कामा नये. त्या दिवशी मी गिरणी धुऊन काढतो आणि रोटाशिवाय दुसरं दळण घेत नाही.

पहिल्याच श्रावणात सगळे भाऊबंद आमच्याकडे जमलेले. मी मूठ टाकली, माझ्या धाकट्या भावाने टाकली, चुलतभावांनी टाकली. फेलिक्स ओसरीवर बसून बघत होता. त्याला वाटलं, घरात राहणारा प्रत्येक जण टाकतोय, आपण बसून राहिलो तर वाईट दिसेल. तो उठला, विहिरीवर हात धुऊन आला, रांगेत उभा राहिला, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत त्याने पोत्यात हात घालून मूठभर गहू पाटीत टाकले. त्याची मूठ म्हणजे आमच्या दीड माणसाची. गहू पडल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून बघितलं. मग जे सुरू झालं! चुलतभाऊ म्हणाला, रोट बाटले, पाटी रिकामी करा. दुसरा म्हणाला, कानबाईच्या नावाने पडलेले गहू काढायचे कसे? फेलिक्स बिचारा भिंतीला टेकून उभा. काय चुकलं हे त्याला कळेना, पण चुकलं एवढं कळलं होतं. शेवटी माझी म्हातारी काकू, घरातली सगळ्यात मोठी, कोपऱ्यातून म्हणाली, "टाकेल मूठ काढता येत नही. आते तो बी खाई, आन् दरसाल त्यानी मूठ पडी." चुलतभाऊ कुरकुरला, "काकू, तो कोन? आपला कोन लागस?" काकू म्हणाली, "गहू टाकात ना त्यानी? मंग लागस." एवढं बोलून तिने पाटी अक्काकडे सरकवली.

त्या वर्षी रोट संपता संपेनात. त्याच्या मुठीने पीठ वाढलेलं. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी एक रोट उरला, वाळून दगड झालेला. मी त्याला म्हणालो, तुझ्या मुठीचा आहे, तूच संपव. त्याने तो दुधात बुडवून, तोंड वाकडं करून संपवला आणि अक्का पदर तोंडाला लावून हसत राहिली.

कॉलेज संपून तो गेला तेव्हा स्टँडवर म्हणाला, "आबा, मन्ही मूठ?" मी म्हणालो, तुझी काळजी तू कर, मुठीची मी करतो. तेव्हापासून दर श्रावणात त्याची मूठ मी टाकायचो. माझ्या हातात त्याच्याएवढे गहू मावत नाहीत, म्हणून एक मूठ टाकून वर पुन्हा चिमूटभर. आणि पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी उरलेला रोट दुधात बुडवून त्याच्या नावाने मी खायचो. दर वर्षी कुरकुर करत खायचो. दात पडले तरी खायचो.

तिकडे तो कापूस खरेदीच्या नोकरीला लागला. पहिल्या हंगामातच एका गावात त्याने काटा फिरवून शेतकऱ्यांकडे तोंड करून ठेवला. साहेबांनी त्याची बदली केली. नव्या ठिकाणी त्याने तेच केलं. मग नोकरी गेली, पण गावोगाव नाव झालं, आणि त्याच लोकांनी त्याला निवडणुकीला उभा केला. हे सगळं तो पत्रातून कळवायचा, अहिराणी इंग्रजी अक्षरात लिहून. पोस्टमन म्हणायचा, आबा, ही कुठली भाषा हो? मी म्हणायचो, आमची. मंत्री झाला तेव्हा त्याने पहिलं फर्मान काढलं, की कापसाच्या प्रत्येक काट्याचं तोंड शेतकऱ्याकडे. मला फोन करून सांगितलं. मी म्हणालो, एवढी गोष्ट करायला मंत्री व्हावं लागतं? पण त्या दिवशी मी गिरणीवर येईल त्याला पेढा दिला. कशाचा ते सांगितलं नाही.

मंत्री असताना तो एकदा दिल्लीला आला आणि तिथून हट्टाने धुळ्याला आला. मला निरोप आला, साहेब विश्रामगृहावर आहेत, तुम्हाला भेटायला बोलावलंय, गाडी पाठवतो. मी म्हणालो, माझं घर त्याला माहीत आहे. अक्का चिडली. "जा ना हो, तो एवढा लांबून उना, आन् तुम्हना पाय दुखतस?" मी हललो नाही. तासाभराने गल्लीत गाड्या शिरल्या. तो कोटाबुटात उतरला, पोलिसांच्या मधून सरळ गिरणीत आला आणि पोत्यावर बसला. सगळा कोट पांढरा झाला. मी विचारलं, "आते तू मंत्री व्हयना. काटा कोनाकडे शे?" तो हसला, उठला, आधी माझा तराजू बघून आला, तसाच आहे ना याची खात्री केली, आणि म्हणाला, "दोन्हीकडना काटा तसाच शे, आबा." हिवाळा होता. अक्काने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि भरीत केलं. साहेबलोक चमच्याने खात होते, हा बोटं चाटत होता. जाताना म्हणाला, "येसू आबा, श्रावणमा येसू. मन्ही मूठ मी टाकसू."

श्रावणात तो कधी आलाच नाही. त्याच्या देशात लष्कराने सरकार उलथवलं, आणि नव्या सरकारातही तो मंत्रीच राहिला. ते मला आवडलं नाही. फोनवर मी त्याला झापला. तो म्हणाला, "आबा, मधमा ऱ्हायनू तर काटा हातमा ऱ्हाई." मी म्हणालो, काटा हातात धरला की खोटा पडतो, तो टांगायचा असतो. तिकडून खरखराट झाला आणि फोन कटला. पुढे काही महिन्यांनी त्याने मंत्रिपद सोडलं आणि लोकांत उघड बोलला. मी म्हणालो म्हणून सोडलं असं मी म्हणत नाही. तो माझ्याइतकाच हट्टी होता. त्याच आठवड्यात त्याला उचललं, आणि त्यानंतर काहीच नाही. पत्र नाही, फोन नाही. माझा मुलगा कॉम्प्युटरवर शोधायचा, त्याचं नाव कुठेच निघेना.

श्रावण आला. भाऊबंद जमले. मी त्याची मूठ टाकायला वाकलो तेव्हा तोच चुलतभाऊ म्हणाला, "आबा, त्यानी मूठ आते बंद करा. तो काय जित्ता नही." मी विचारलं, "कोनी सांगं तुले?" तो म्हणाला, "मंग जित्ता शे हे तरी कोनी सांगं?" मी मूठ टाकली, आणि त्या वर्षी वरची चिमूट जरा मोठीच टाकली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच भांडण. त्याच्या पुढच्या वर्षी चुलतभाऊ रुसून आलाच नाही. मला सरळ दिसत होतं, मी ज्या दिवशी मूठ थांबवीन त्या दिवशी तो मेला. तिकडच्या शिपायांनी मारला नसेल तर मी मारला. म्हणून गहू टाकत राहिलो, वाळका रोट खात राहिलो.

आणि मग एका दुपारी फोन वाजला. आवाज इतका बारीक झालेला की मी ओळखलाच नाही. शेजारच्या देशात पळून आला होता. ना तब्येतीचं बोलला, ना तुरुंगाचं. पहिलं वाक्य हे, "आबा, मन्ही मूठ टाकी का?"

मी अक्काकडे बघून ते तसंच मोठ्याने म्हणालो. अक्काने फोन हिसकावून घेतला आणि ओरडली, "टाकी रे बाबा, दरसाल टाकी! आमना घरमा भांडनं लाई दिधात तू!" मग तो सांगायला लागला. तुमचा पाऊस आणि आमचा पाऊस एकाच महिन्यांत पडतो ना आबा, कोठडीच्या पत्र्यावर पाऊस लागून राहिला की मी एक दिवस मनाशी रविवार धरायचो, आणि मूठ मिटून बसायचो. शेजारचे कैदी विचारायचे, हातात काय आहे? मी म्हणायचो, गहू.

नंतरची वर्षं त्याची परक्या गावातच गेली. सरकार बदललं तेव्हा तो घरी परतला, पुन्हा निवडणुकीला उभा राहिला आणि हरला. फोनवर चेहरा दाखवून खो खो हसत म्हणाला, "पडनू, आबा!" गालफडं बसलेली, हसताना नुसते दात दिसत होते. लोकांनी दुसऱ्याला निवडलं, पण काट्याचं तोंड कुणी फिरवलं नाही म्हणाला, ते तसंच आहे. मागच्या हिवाळ्यात शेवटचं बोललो. औंदा श्रावणात नक्की, मुलगी मला घेऊन येणार, तिकीट बघतेय, म्हणाला. अक्काने माडी झाडून घेतली होती. नवी गादी आणली होती, त्याची पाठ दुखते म्हणून.

तो गेला आणि महिन्याभराने कानबाईचा रविवार आला. गिरणी धुतली. भाऊबंद जमले, चुलतभाऊही काठी टेकत आला. मी माझी मूठ टाकली, पुण्याला असलेल्या मुलाची टाकली, आणि मग माझा हात पोत्यात गेला. मी सकाळीच ठरवून टाकलं होतं. कुणी काही म्हणो, इतकी वर्षं ऐकलं नाही, आता काय ऐकायचं? यंदा भांडायला मी तयार होऊन बसलो होतो. पण चुलतभाऊ बोललाच नाही. तो खाली बघत होता. माझं मनगट अक्काने धरलं. तिच्या हाताला आता जोर नाही, तरी धरलं.

"नका टाकू," ती म्हणाली.

"तुले बी कळत नही का?"

"माले कळस. तो आपला व्हता ना? मंग आपला मानूसनं करतस तसंच करा. पाव्हना व्हता का तो?"

माझ्या बापाची मूठ तो गेला त्या वर्षी थांबली. धाकट्या भावाची थांबली. तेव्हा मी हट्ट केला नव्हता. मग याचीच टाकत राहायची म्हणजे तो वेगळा, बाहेरचा, असं मीच सगळ्यांसमोर सांगायचं... काकूने त्या दिवशी पाटी सरकवून त्याला घरात घेतला होता. मी पोत्यात मूठ उघडली. तळव्याला घाम होता, दोन-चार दाणे चिकटून राहिले, ते अक्काने आपल्या बोटांनी झाडले. चुलतभावाने नाक ओढलं आणि म्हणाला, "चला, दळा आते."

दुसऱ्या दिवशी पांझरेवर कानबाई शिरवली, पाण्यात सोडली. मी पुलाच्या कठड्याला धरून उभा होतो. माडी अजून तशीच आहे, गादीचं प्लास्टिक काढलेलं नाही.

यंदा रोट लवकर संपले. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखा हात धुऊन पाटावर बसलो. अक्का भाकरी थापत होती. तिने वळून बघितलं. उठून वाटीत दूध ओतलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. बुडवायला काही नव्हतं.